वीस भाकरी होईपर्यंत

मालनबाईनं सहादेवाच्या दंडावर चुन्याचा सतरावा ठिपका ठेवला आणि म्हणाली, “हालू नगा भावजी. अजून सा भाकरी ऱ्हायल्यात.”

“वयनी, सतरा झाले की.”

“झाले तर झाले. मोजायचं काम माजं, चावून घ्यायचं तुमचं.”

सहादेवानं दंड पुन्हा पुढं केला. डाव्या कानामागं अठरावा येऊन टेकल्याचं त्याला नीट कळत होतं, पण मारायला बंदी होती. डास बसू द्यायचा, त्याला पोटभर पिऊ द्यायचं, तो उडाला की आवाज द्यायचा. मग मालनबाई तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्या जागी ठिपका देणार, असा रिवाज ठरला होता. पहिल्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, कारभारीनं, अंगावर आलेले सगळे डास ठार मारले होते आणि ‘माझ्या तेलाला एकही डास चावला नाही’ असं जाहीर केलं होतं. तेव्हापासून मारायला बंदी.

वेळ मोजायला घड्याळ नव्हतं. ते काम सहादेवाची बायको बनुबाई चुलीपाशी बसून करायची. दिवेलागणीला पहिली भाकरी तव्यावर पडली की सगळ्यांनी बाह्या वर करून पाण्याच्या चारीकाठी बसायचं आणि विसावी भाकरी टोपल्यात पडली की उठायचं. एरवी हे माप चोख होतं. फक्त सहादेव दिवसा बायकोला काही टाकून बोललेला असला, की त्या संध्याकाळच्या भाकरी जाड व्हायच्या आणि सावकाश भाजल्या जायच्या.

“बने, हात चालव गं,” सहादेव कळवळून म्हणाला.

“कच्च्या खाताल का?” बनुबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी बोटानं जराशी फिरवून पुन्हा तशीच राहू दिली.

बहात्तर साल नुकतंच लागलं होतं. मिरजगावाकडच्या नऊ कोयत्यांची ही टोळी, म्हणजे नऊ नवरा-बायकोंच्या जोड्या, बेलापूरच्या बाजूला ऊस तोडायला उतरली होती. कारखान्यानं त्यांना कोप्या घालायला जागा दिली ती कॅनॉलच्या पाझराच्या चारीलगत. जागा देताना शेतकी ओव्हरशिअर राधाकृष्ण म्हणाला होता, “पाण्याची सोय आहे.” ते खोटं नव्हतं. पाणी होतं, ते कुठं जात नव्हतं, आणि त्यात जे काही वाढत होतं ते दिवेलागणीला बाहेर पडत होतं.

मालनबाईला स्वतःच्या अंगाची फार काळजी नव्हती. पंचेचाळीस वर्षांत तिला बरंच काही चावून झालं होतं. काळजी होती ती कोपीत धुरात बसलेल्या सुनेची. चांगुणाला सहावा महिना होता. गेल्या हंगामातही ती गरोदर होती, गेल्या हंगामातही कोपी याच चारीकाठी होती. माघात तिला थंडीताप भरला, चार गोधड्या टाकूनही तिचे दात वाजायचे थांबेनात, आणि पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. तिसऱ्या दिवशी ती फडात मोळ्या बांधत होती. त्याविषयी घरात कुणी बोललं नाही. मालनबाईनं या खेपेला कोयत्यांना धार लावायच्या आधी निरगुडीचा पाला तोडला, एवढंच.

तसं सरकारी औषधही येऊन गेलं होतं. मार्गशीर्षात पाठीवर पंप घेतलेली चार माणसं आली. त्यांच्यातल्या चष्मेवाल्यानं कोपीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “भिंत कुठाय?”

“भिंत कशाची? कोपी हाय ती. पाचटाची,” मालनबाई म्हणाली.

“पाचटावर औषध मारत नाहीत, बाई. फॉर्मात भिंत आहे. भिंत नाही तर घर नाही, घर नाही तर नंबर नाही.”

“पन माणसं हायेत न्हवं?”

“माणसांवर तर अजिबात मारत नाहीत,” चष्मेवाला समजुतीच्या सुरात म्हणाला.

मग ती माणसं पलीकडच्या टेकाडावर चढली. टेकाडावर दोन वर्षांपूर्वी कुणा मोठ्या माणसाच्या हातून नियोजित विश्रामगृहाची कोनशिला बसवली होती. विश्रामगृह पुढं नियोजितच राहिलं. पण कोनशिला ज्या कमरेएवढ्या दगडी भिंतीत बसवली होती, ती भिंत कारखान्याच्या इमारतींच्या यादीत चौदाव्या नंबरला होती. माणसांनी ती पुढून फवारली, मागून फवारली, वरून एक हात मारला आणि कडेला गेरूनं तारीख घातली. मालनबाई पिठाचे हात तसेच धरून खालून बघत होती.

“दगडाला थंडीताप येतो व्हय?” तिनं परतताना त्यांना विचारलं.

“यादीत आहे बाई,” चष्मेवाला म्हणाला. त्याचाही नाइलाज होता.

त्याच संध्याकाळी ती कॅनॉलच्या कडेनं हिंडून आणखी ओटीभर पाला घेऊन आली.

एक एक करून तिनं सगळं लावून पाहिलं. लसणाचा रस सहादेवाला लावला, तर डास गेले आणि बनुबाईही दोन दिवस त्याच्यापासून लांब राहिली. घाणेरीचा पाला वाटून कारभारीच्या पिंढऱ्यांना चोळला, तर त्या इतक्या खाजल्या की डास चावतो आहे की नाही हे त्याला सांगता येईना. तो दिवस बाद धरला. लिंबोळीचं तेल बन्सीच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या, अंगाला लावलं. चांगला गुण आला. पण सकाळी बन्सी गाडी जुंपायला गेला तर पवळ्या बैलानं त्याला एकदा हुंगलं आणि मान जुवाखाली घालायला साफ नकार दिला. सीताफळाच्या बिया डोळ्यांना वाईट, म्हणून त्यांना तिनं हातच लावला नाही. शेवटी करंजेलात निरगुडीचा पाला कुरकुरीत होईपर्यंत उकळून, वर वेखंडाची पूड टाकून, फडक्यानं गाळून जे हिरवटकाळं तेल निघालं, ते टिकलं.

किती टिकलं हे कळायला मात्र एक माणूस काहीही न लावता बसवणं भाग होतं. असल्या कामासाठी राहुरीच्या विद्यापीठात म्हणे वेगळी खोली आणि पांढरे कोट असतात. इथं पाचटाच्या काड्या होत्या. मालनबाईनं चार काड्या मुठीत धरल्या. आखूड काडी ज्याला येईल तो कोरा. पहिल्या दिवशी सहादेवाला आली. दुसऱ्या दिवशीही त्यालाच आली. तिसऱ्या दिवशी तो काडी ओढायला पुढं झाला तेव्हा कारभारी म्हणाला, “कशाला उगं? तुला आता सराव झालाय.” टोळीला ते पटलं. सहादेव तेव्हापासून कायमचा कोरा झाला.

“आन मला ताप आला तर?” त्यानं एकदा विचारून पाहिलं.

“रोज चावून घेताच न्हवं?” मालनबाई म्हणाली. “आता मोजून घ्या.”

आठ दिवसांचा हिशेब असा निघाला की रोज तेल लावलेल्याला नऊ-दहा ठिपके आणि कोऱ्या सहादेवाला पंचविसाच्या आसपास. टोळीतल्या बायका बाटल्या घेऊन येऊ लागल्या. शेजारच्या टोळीतूनही विचारणा झाली. मालनबाईला ते आवडत नव्हतं असं नाही. तेल गाळताना तिचं फडकं जरा जास्त ठसक्यात पिळलं जाऊ लागलं. पण रात्रीची भाकरी खाताना ती बोटांवर नऊ मोजायची आणि कोपीच्या दाराकडं बघत बसायची. नऊ म्हणजे काही थोडे नव्हेत. गेल्या माघात चांगुणाला किती चावले होते कुणास ठाऊक. कदाचित एकच पुरला असेल.

त्यातच कारभारीनं खोट काढली. तो फार बोलत नसे, पण दुसऱ्याच्या कामातली खोट त्याला बसल्या जागी दिसायची.

“सहादेव आपल्यापाशीच बसतोय,” तो म्हणाला. “तेल आपल्या अंगाला, वास त्याला फुकट. म्हंजी त्यो कोरा कुठं ऱ्हायला? अर्धा तेलकटच की. लांब बसला असता तर पन्नास चावले असते.”

बनुबाईलाही हा मुद्दा एकदम पटला. “व्हय, त्यास्नी लांबच बसवा,” ती म्हणाली.

“किती लांब?” सहादेव म्हणाला.

जवळपास सगळीकडं कोप्या होत्या, आणि कोपी म्हटली की आता तेलाचा वास होता. लांबची मोकळी जागा एकच होती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सहादेव बाह्या वर करून, चुन्याची डबी घेऊन, टेकाडावर कोनशिलेपाशी जाऊन बसला. आपले ठिपके आपणच द्यायचे असं त्याला बजावून ठेवलं होतं. खालून तो सभेला आलेल्या पण सभाच न भरलेल्या माणसासारखा दिसत होता.

विसावी भाकरी झाली. बनुबाईनं हाक मारली. सहादेव खाली आला, त्याचे हात कंदिलाच्या उजेडात धरले गेले. उजव्या दंडावर दोन ठिपके. मानेवर एक.

“बाकीचे?” मालनबाई म्हणाली.

“तेवढेच.”

“झोपला व्हता का?”

“न्हाई वयनी. वारं लागत हुतं छान. बसलो हुतो.”

“घोंगडी घेतली व्हती,” कारभारी म्हणाला.

“घोंगडी हितंच पडलीय की तुज्या खाली!”

त्यावर टोळीत बराच खल झाला. सहादेवाला मोजता येत नाही, असं एकाचं मत पडलं. चुना आणि तंबाखू दोन्ही हातात असल्यावर माणूस चुना दंडाला लावील की तंबाखूला, असं दुसऱ्यानं विचारलं. बनुबाई म्हणाली, “त्यांचं रगतच कडू हाय. मी बारा वर्सं बघती.” पण मग आठ दिवस खाली बसल्यावर तेच कडू रक्त पंचवीस-पंचवीस डासांना गोड कसं लागलं, असं सहादेवानं विचारलं तशी ती तवा घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी कारभारीला वर पाठवलं. त्याला चार चावले, आणि तो खाली यायला तयार नव्हता. बनुबाईनं तीन हाका मारल्या तेव्हा आला.

तिसऱ्या दिवशी मालनबाई स्वतः गेली.

तिनं चोळीच्या बाह्या वर सरकवल्या, पदर कमरेला खोचला, चुन्याची डबी उघडून मांडीवर ठेवली आणि कोनशिलेला पाठ लावून बसली. सूर्य उसाच्या पलीकडं गेला होता. खाली पहिली भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बनुबाईचा हात तेवढ्या लांबूनही ओळखू येत होता. टेकाडावर वारा होता. जोराचा नव्हता, पण थांबत नव्हता. खोचलेला पदर त्यानं दोनदा सोडवला. एक डास आला, तिच्या मनगटापाशी घोटाळला, बसायला गेला आणि वाऱ्यानं बाजूला झाला. दुसरा आला तो चावला. तिनं ठिपका दिला.

मग तिनं खाली बघितलं. कोप्यांवरचा धूर वर चढत नव्हता. तो चारीच्या पाण्यावर आडवा पसरून तिथंच बसला होता, आणि त्या धुराखाली तिची माणसं हात पुढं करून रांगेनं बसली होती. त्या धुराच्या कडेला पाण्यावर एक करडी जाळी हलत होती. आधी तिला तो धूरच वाटला. तो धूर नव्हता.

विसावी भाकरी झाली तेव्हा तिच्या अंगावर तीन ठिपके होते. ठिपके तिनंच दिले होते, त्यामुळं भांडायला कुणी नव्हतं. आठ दिवस पाला उकळला, हात भाजले, नवऱ्याच्या पिंढऱ्या सोलल्या. आणि सगळ्यात चांगलं तेल लावून खाली बसलेल्या माणसाला नऊ चावत होते, काहीच न लावता वर बसलेल्याला तीन. मालनबाईनं डबीचं झाकण लावलं. ते एकदा लावलं, नीट बसलं नाही म्हणून पुन्हा लावलं. मग ती उठली आणि खाली न जाता टेकाडावर चारी बाजूंनी पावलं टाकत फिरली. नऊ कोप्या बसत होत्या. बैलांची दावण मागच्या उताराला.

खाली आल्यावर चांगुणानं विचारलं, “आत्या, किती?”

“ऊठ,” मालनबाई म्हणाली. “उद्या बिऱ्हाड हालवायचंय.”

कोपी हलवायला विश्रामगृहासारखा वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी मोळ्या गाडीत भरून झाल्यावर बायका परतल्या, बांबू उपसले, चटया गुंडाळल्या, आणि दिवेलागणीच्या आत नऊ कोप्या टेकाडावर कोनशिलेभोवती उभ्या राहिल्या. बनुबाईची चूल भिंतीच्या आडोशाला बसली. चूल इतकी चांगली पेटली की पहिल्या दहा भाकरी बघता बघता झाल्या आणि सहादेव हळहळला. आता भाकरी लवकर होऊन काही उपयोग नव्हता.

राधाकृष्ण ओव्हरशिअर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. सायकल खाली लावून तो टेकाड चढला. वय तिशीच्या आत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आवाजाला अजून साहेबपणाची सवय व्हायची होती.

“हे काय चालवलंय?”

“भाकरी,” बनुबाई म्हणाली.

“ही जागा राखीव आहे. विश्रामगृहाची. इथं कोप्या कुणाला विचारून घातल्या?”

“खाली घातल्या तवा तरी आमी कुठं इचारलं हुतं?” मालनबाई म्हणाली. “तुमी दाखवलं, आमी बसलो. आता आमी बघितलं, आमी बसलो.”

“अहो बाई, खाली तुम्हाला पाण्याची सोय होती.”

“पानी आनतो की आमी घागरीनं. डोक्याव घिऊन येतो. डास मातर हितवर येत न्हाईत.”

“वर डास नाहीत, मान्य,” राधाकृष्ण म्हणाला. त्याला मुद्दा सापडला होता. “ते का नाहीत? तर फवारणी झालीय इथं. ही बघा तारीख. हा औषधाचा गुण आहे.”

मालनबाईनं तारखेकडं बघितलं आणि मान डोलावली.

“बरं झालं सांगितलं. सगळ्या मळ्यात फवारलेली भिंत ही एकच. मंग तिच्याबिगर आमी ऱ्हायचं तरी कुठं, सायेब?”

राधाकृष्णानं एक पेन खिशातून काढलं आणि परत ठेवलं.

“हे बघा, मला वर उत्तर द्यावं लागतं. उद्या सकाळपर्यंत उतरा. नाही तर दुसरी टोळी लावतो मी त्या फडावर.”

“लावा की. फड अर्धा तोडलाय. दुसरी टोळी यायला चार दिस. तवर ऊस वाळतो, चार दिसाचा. कारखान्यात काय सांगायचं ते बी तुमीच ठरवा.” ती पिठाचं ताट पुढं ओढून बसली. “आमच्याकडं मिरजगावाला पाऊस न्हाई, गावात काम न्हाई, समदं खरं हाय. ते तुमाला बी ठावं हाय. पन आमी उतरत न्हाई.”

“बाई, तुम्ही समजून घ्या...”

“मी न्हाई उतरनार.”

हे चांगुणा बोलली होती. ती भिंतीच्या कडेला पाय पसरून बैलांसाठी उसाच्या वाढ्याची पेंडी सोडत होती. वडीलधाऱ्यांपुढं तिचा आवाज टोळीनं फारसा ऐकला नव्हता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, साहेबाकडं न बघता पुन्हा म्हणाली, “आत्या उतरल्या तरी मी न्हाई उतरनार.”

सुनेनं सासूचा अपमान केला असं वाटून कारभारीनं बायकोकडं बघितलं. मालनबाई पीठ मळत होती. तिच्या हाताला एकदम जोर आला होता.

“सायेब,” ती म्हणाली, “तुमी शिकलेलं. एक करा. माजं तेल लावा, चांगलं दंडापर्यंत लावा, आन खाली चारीकाठी जिथं आमची कोपी हुती तिथं बसा. बनुबाईच्या वीस भाकरी हुईस्तोवर बसून दाखवा. मग तुमी जे सांगताल ते.”

“मी असल्या पोरखेळात पडत नाही.”

“बरोबर हाय,” सहादेव आदरानं म्हणाला. “त्याला सराव लागतो.”

टोळीत कुणी हसलं नाही. हसले असते तर राधाकृष्ण निघून गेला असता. सगळे फार गंभीरपणे त्याच्याकडं बघत होते, आणि एवढ्या गंभीर माणसांपुढं पाय मागं घेणं त्याच्या नोकरीत अजून बसत नव्हतं. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मालनबाईनं बाटली आणली आणि कसलीही काटकसर न करता त्याच्या हातांना, मानेला, कानांच्या पाळ्यांना तेल लावलं. करंजेलाचा वास त्याला झोंबला तेव्हा म्हणाली, “औषध कडूच असतं.”

तो खाली जाऊन बसला. बनुबाईनं भाकरी तव्यावर टाकली. टेकाडाच्या कडेला टोळी ओळीनं उभी राहिली. पहिल्या भाकरीला साहेब ताठ होते. दुसरीला त्यांनी मान हलवली. तिसरीला एक हात उचलला आणि बंदी आठवून खाली घेतला. चौथी भाकरी बनुबाईनं खरोखर फार निगुतीनं भाजली. इतकी टम्म फुगलेली भाकरी सहादेवानं बारा वर्षांत पाहिली नव्हती. सहावीला साहेबांनी रुमाल काढून डोक्यावर घेतला.

सातव्या भाकरीला ते उठले.

वर आल्यावर मालनबाईनं ठिपके देण्याचा आग्रह धरला नाही. तिनं फक्त तांब्या पुढं केला. राधाकृष्ण पाणी प्यायला, कोनशिलेच्या कट्ट्यावर टेकला आणि बराच वेळ दंड खाजवत राहिला. काळोख पडेपर्यंत तो तिथं बसून होता. निघताना उभा राहून म्हणाला, “मी काही परवानगी दिलेली नाही.”

“कशाला द्याल!” मालनबाई म्हणाली.

“मला नोंद करावी लागेल. मी रोज येऊन तुम्हाला उठा म्हणून सांगणार.”

“सांगा की. तुमचं काम हाय ते.”

आणि तो खरंच रोज येऊ लागला. दिवेलागणीच्या सुमाराला सायकल खाली लागायची. वर येऊन तो म्हणायचा, “ही जागा राखीव आहे. उठा इथून.” टोळी म्हणायची, “व्हय सायेब.” मग बनुबाई चहाचं पातेलं चढवायची. त्यातला गूळ साखर कारखान्याच्या ओव्हरशिअरला शोभण्यासारखा नसायचा, पण तो दोन कप प्यायचा. चांगुणाला सातवा लागला. फडात जाताना बायका अजून निरगुडीचं तेल लावून जात. चारी ओलांडून जावं लागे तेवढ्यापुरतं. माघ अर्धा सरला. खाली राहणाऱ्या शेजारच्या टोळीतली दोन माणसं गोधड्या घेऊन पडली, आणि त्यांच्या मुकादमानं एक दिवस येऊन टेकाडाचा मागचा उतार पावलांनी मोजला. मालनबाईनं पवळ्या बैलाचा खुंटा सरकवून त्यांना जागा करून दिली.

राधाकृष्णानं तेही पाहिलं. त्या दिवशी त्यानं ‘उठा’ दोनदा म्हटलं, नवीन माणसांसाठी वेगळं.

मग एका संध्याकाळी सायकलचा आवाज आला, पण तो नेहमीसारखा चटकन वर आला नाही. मालनबाई टेकाडाच्या कडेला आली. राधाकृष्ण सावकाश चढत होता आणि मागं वळून वळून हात देत होता. त्याच्या मागून कारखान्याच्या क्वार्टरमधून फारशी बाहेर न पडणारी, इस्त्रीच्या पातळातली एक बाई येत होती. तिच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं सात-आठ महिन्यांचं लेकरू होतं. वर आल्यावर ती लोकांकडं बघून ओशाळली आणि नवऱ्याच्या मागं उभी राहिली. कॅनॉलच्या कडेची क्वार्टर पक्क्या भिंतींची होती, भिंतींवर गेरूनं नंबर होता, तारीख होती. लेकराचं कपाळ आणि दोन्ही गाल लाल फोडींनी भरून गेले होते. ते रडत नव्हतं. रडून रडून दमलेलं होतं.

वाऱ्यानं दुपट्याचा कोपरा हलला. लेकरानं डोळे उघडले.

बनुबाई काहीतरी बोलायला गेली. मालनबाईनं मागं येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. सहादेव, कारभारी, बन्सी, शेजारच्या टोळीची माणसं, सगळी आपापल्या जागी थांबली होती. राधाकृष्णाला कुणाकडं बघावं ते कळत नव्हतं.

“सायेब,” मालनबाई म्हणाली, “आधी तुमचं काय ते म्हनून घ्या.”

राधाकृष्णानं घसा साफ केला.

“ही जागा राखीव आहे. उठा इथून,” तो म्हणाला, आणि कट्ट्यावरची घोंगडी उचलून त्यानं दोनदा झटकली, घडी सारखी केली आणि बायकोला बसायला अंथरली.